डाव्या बैलाची घंटी

आमची वाटणी करायला बसलेल्या पाच पंचांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. पाचही जण केव्हाच गेले, आणि गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत हेही मला कळतं. तरी ठेवतो. ती माणसं लबाड असती तर मी सुटलो असतो. लबाडाशी भांडता येतं. ती पाचही माणसं इतकी न्यायी होती की भांडायला जागाच ठेवली नाही.

वडील गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी, धान घरात येऊन पडल्यावर, दादा आणि मी वेगळे झालो. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आमच्यात भांडण काही नव्हतं. दोन चुली झाल्या की दोन बायांचं बरं चालतं, एवढंच कारण. दवनीवाड्याच्या आमच्या घरात मधोमध कुडाची भिंत उभी राहिली. धानाच्या बांध्या, म्हणजे शेताचे तुकडे, मोजून निम्म्या झाल्या. मोहाचं झाड एकच होतं, तर एका वर्षीची फुलं त्याची आणि पुढच्या वर्षीची माझी असं ठरलं. जात्याचा वरचा दगड एकाला आणि खालचा दुसऱ्याला दिला नाही हे आमचं नशीब.

मग पंच गोठ्याकडे वळले. गोठ्यात एकच बैलजोडी होती. वडिलांनी गोऱ्हे असल्यापासून एका जुवाखाली वाढवलेली, शंकरपटाच्या शर्यतीत दोनदा पहिली आलेली. ज्याची जोडी पटावर पहिली येते त्याला आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतही आधी वाढतात. उजवा बैल कायम उजवीकडे जुंपलेला, डावा कायम डावीकडे, म्हणून त्यांची नावंही तीच पडली होती. पंचांनी उजवा दादाला दिला आणि डावा मला. दोघांच्या गळ्यात एकेक घंटी होती, तीही त्या त्या बैलाबरोबर गेली.

शेजारचा एक म्हातारा दारातून म्हणाला, "जोडी कायले फोडून राहिले गा? एकाले बैल द्या, दुसऱ्याले एक बांधी जास्त द्या."

"उद्या कोणी म्हणल का पंचायनं एकाले जोडी देली अन् दुसऱ्याले चिखल," त्यातला मोठा पंच म्हणाला. "न्याव म्हणजे न्याव."

न्याव झाला. एक बैल भिंतीच्या अलीकडे बांधला गेला आणि एक पलीकडे. दोन दिवस दोघेही हंबरत होते, मग गप्प झाले.

त्या घंट्या काय होत्या ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. अर्जुनी मोरगावकडच्या एका खेड्यात एक म्हातारा कारागीर कांशाच्या घंट्या ओतायचा. मेणाचा नमुना करायचा, त्यावर मातीचा साचा चढवायचा, आत कांसं ओतायचं आणि साचा फोडून घंटी बाहेर काढायची. साचा फुटला की तशी दुसरी घंटी होत नसे. पण जोड मात्र तो एकाच मुशीतली, एकाच दिवशी ओतायचा. उजव्या बैलाची जराशी जाड, तिचा आवाज खोल. डाव्याची पातळ, तिचा आवाज चढा. बैल पावलाला पाऊल लावून चालले की दोन आवाजांचा एक व्हायचा. काठाच्या आतल्या अंगाला तो एक बारीक मासोळी कोरायचा. ती डोळ्यांना दिसत नसे, बोटाला लागायची. वडिलांनी ही जोड दोन पोती धान देऊन आणली होती आणि आईने त्यापायी आठवडाभर अबोला धरला होता.

स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या वर्षी त्या म्हाताऱ्याची नजर गेली. त्याने भट्टी मोडून टाकली. हातातलं कसब कोणाला शिकवलेलं नव्हतं. लोक भेटायला गेले तेव्हा त्याने बोटांवर मोजून सांगितलं की आपण जन्मात एकवीस जोड्या ओतल्या. तो आकडा त्याने सांगितला नसता तर माझं आयुष्य वेगळं गेलं असतं, असं मी आजही म्हणतो, आणि माझी बायको आजही त्यावर हसते.

तोवर घंटी म्हणजे घंटी होती. बैल झुडपात भरकटला तर सापडावा म्हणून बांधायची. एकवीसच आहेत म्हटल्यावर लोकांना शौक जडला. दरवर्षी पटाच्या मैदानाला लागून आंब्याखाली पोत्यांवर घंट्या मांडून माणसं बसू लागली. तिथे बैल नसायचे, नुसत्या घंट्या. काठात बोट घालून मासोळी चाचपायची, चिंचोक्याने हलका टोला द्यायचा आणि गुणगुण विरेपर्यंत आकडे मोजायचे. विसापर्यंत टिकली तर म्हाताऱ्याच्या हातची, बारावर विरली तर कोणीतरी केलेली नक्कल. ज्यांनी आयुष्यात बैलाचं दावं हातात धरलं नव्हतं असे गोंदियाचे शेठ तिथे उकिडवे बसून आकडे मोजायचे. घेतलेली जोड ते कुलपात ठेवायचे. पुढच्या वर्षी तीच जोड दुसऱ्याच्या पोत्यावर दिसायची, भाव दीडपट. मध्येच बातमी यायची की कोणाची एक जोड विहिरीत पडली, कोणाची घर जळालं त्यात वितळली. अशा दर बातमीने उरलेल्यांचा भाव चढायचा. त्यातल्या काही बातम्या शेठ लोकच पिकवत असावेत असा माझा संशय आहे.

आमची वाटणी झाली त्या साली एका जोडीला एका गोऱ्ह्याची किंमत मिळायची. दोन वर्षांत ती चांगल्या बैलाएवढी झाली, पुढे बैलजोडीएवढी.

आता माझं सांगतो. मला शेती आवडत नव्हती. रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून उभं राहिलं की मला रडू यायचं, आणि पावसात कोणाला दिसत नाही म्हणून मी रडतही असे. माझी बायको आमगावची. तिच्या मामांची तिथे स्टेशनच्या रस्त्यावर एक खोली होती, पुढे फळ्या टाकल्या की झालं दुकान. मामा भाडंही घ्यायला तयार नव्हते. फक्त मीठ, तेल, गूळ, साबण असा पहिला माल भरायला पैसा हवा होता. बांधी विकावी तर वडिलांची जमीन, जीभ उचलत नव्हती. पण घंट्यांची जोड विकली तर माझ्या निम्म्या हिश्श्यात माल भरून वर तराजूही आला असता. मी मनात त्या दुकानाच्या फळ्यांना निळा रंगसुद्धा देऊन ठेवला होता.

म्हणून वाटणीनंतरच्या पहिल्याच पटाला मी माझी घंटी घेऊन आंब्याखाली गेलो. गोंदियाच्या एका जाड्या शेठने बोट घातलं, मासोळी लागली, चिंचोका वाजवला, विसापर्यंत मोजलं. त्याचे डोळे चमकले. मग त्याने विचारलं, "और दूसरी?"

मी वाटणीची हकीकत सांगितली. त्याने घंटी माझ्या हातात परत ठेवली. "अकेली घंटी तो बकरी के गले में भी मिल जाएगी, भैया. जोड़ लाओ, फिर बैठेंगे."

घरी येऊन मी दादाला विचारलं. दादा उजव्याच्या अंगावरून गवताचा बोळा फिरवत होता.

"घंटी बैलाची हाये," तो म्हणाला. "बैल हाये तोवर त्याच्या गळ्यात राहील."

"अन् बैल गेल्यावर?"

"तवाचं तवा पाहू. बैलाले मरू तं दे."

मी माझ्या बैलाच्या गळ्यातली घंटी काढली, जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळली आणि धानाच्या ढोलीत खाली दडपून ठेवली. वापराने झिजली तर भाव कमी. दादाने मात्र त्याची घंटी दिवसरात्र बैलाच्या गळ्यात ठेवली. आणि इथे माझा तुरुंगवास सुरू झाला.

कुडाच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. उजव्याने मान हलवली, वाजली. माशी बसली, वाजली. रवंथ करताना वाजली. मला प्रत्येक आवाजागणिक कांसं झिजताना दिसायचं. रानात तो बाभळीला मान घासायला लागला की मी लांबून हाकलायला धावायचो. घंटी दगडाला लागून पोचा पडेल म्हणून मी दादाच्या बैलाच्या वाटेतले धोंडे उचलून बाजूला टाकत असे. लोकांना वाटायचं, भावाच्या बैलावर काय जीव आहे बघा.

बायको एकदा म्हणाली, "तिकडं घंटी वाजली का तुमी काऊन दचकून राहता? घरात साप निघाला का?"

मला दवनीवाड्याबाहेर एक रात्रही राहवत नव्हतं. आमगावला तिच्या माहेरी गेलो तरी जेवताना मनात यायचं, दादाने बैल कुठे नेला असेल, कोणी घंटी कापून तर नेली नसेल. ज्या गावातून मला पळायचं होतं त्याच गावाला मी राखणदारासारखा बांधला गेलो होतो.

खरं म्हणजे आम्ही सावड करायला हवी होती. आमच्याकडे ज्याच्याजवळ एकच बैल असतो तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करतो. एक दिवस दोन्ही बैल याच्या बांधीत, एक दिवस त्याच्या. डावा आणि उजवा तर एकमेकांसाठीच वाढलेले. दादाने पहिल्याच वर्षी भिंतीवरून विचारलं होतं. मी नाही म्हटलं. बैल एका जुवात आले की पंच म्हणतील, जोडी पुन्हा एक झाली, आणि घंट्या थोरल्याच्या होतील, अशी भीती माझ्या डोक्यात बसली होती. असं कोणीच म्हणालं नसतं. मी कर्ज काढून डाव्याला एक जोडीदार आणला, तो बुटका निघाला. जू तिरपं व्हायचं, तास वाकडा जायचा, डाव्याच्या खांद्याला जखम व्हायची. पलीकडे दादाचंही तेच. एका घरच्या दोन वाकड्या जोड्या शेजारशेजारच्या बांध्यांत चालायच्या आणि मी घंटीकडे कान लावून नांगर धरायचो.

अशी चार वर्षं गेली. पाचव्या वर्षी रोवणीत बायको तापाने पडली. मी एकटा चिखलात. दादाने बांधावरून बराच वेळ पाहिलं असावं. पटाच्या आठ दिवस आधी तो स्वतः आमच्या ओसरीवर आला. हातात घंटी होती.

"घे," तो म्हणाला. "विकून टाक. तुयं दुकान होऊन जाऊ दे."

मी त्या क्षणी घंटी घेऊन निघायला हवं होतं. पण आदल्याच दिवशी बाजारात ऐकलं होतं की आणखी एक जोड फुटली, आता मोजक्याच उरल्या, पुढच्या साली भाव दुप्पट होणार. आणि मी, चिखलात रडणारा माणूस, भावाला म्हणालो, "यंदा नोको, दादा. पुढल्या साली विकू. भाव चढून राहिला हाये."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग घंटी घेऊन परत गेला आणि थोड्या वेळाने ती पलीकडे पुन्हा वाजायला लागली.

पुढच्या साली भाव खरंच चढला. मला वाटलं, अजून एक वर्ष. त्याच्या पुढच्याही साली चढला. भाव पडला असता तर मी घाबरून विकून मोकळा झालो असतो. तो चढत होता तोवर माझा पाय निघेना. आंब्याखाली माझ्यासारखे बरेच होते. दरवर्षी यायचे, आपली जोड दाखवायचे, भाव ऐकायचे, खूश व्हायचे आणि जोड पुन्हा घरी न्यायचे. त्यांच्या आणि माझ्यात फरक एवढाच की त्यांच्याजवळ जोड होती.

शेवटी मामांचा निरोप आला. त्यांनी सात वर्षं खोली रिकामी ठेवली होती. आता स्टेशनच्या रस्त्याला जागा मिळेना, दोन माणसं मागे लागली होती. पटापर्यंत या, नाहीतर मी देऊन टाकतो. त्याच आठवड्यात जाड्या शेठचाही माणूस येऊन सांगून गेला, यंदा जोड आणाल तर तोंडाने मागाल तो भाव. बायकोने माझ्यासमोर भाताचं ताट ठेवलं आणि ती म्हणाली, "यंदा नाही म्हणले तं मी एकटी जाऊन दुकान टाकतो." तिने टाकलंही असतं.

मी ठरवलं. दादाला उद्या सांगायचं.

त्याच दिवशी, दुपार कलायच्या सुमाराला, पलीकडची घंटी वाजायची थांबली. मला आधी कळलंच नाही काय झालं. कान इतके सरावले होते की शांतता झाल्यावर मला घरात काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. मी धानाची ढोली तपासली आणि मामांना निरोप धाडायला बाजारात गेलो, तो दिवस मावळताना परत आलो. मग पलीकडून वहिनीच्या रडण्याचा आवाज आला. उजवा बैल बसल्या जागी गेला होता.

मी पलीकडे गेलो तर दादा नव्हता, बैलही नव्हता. चार माणसांनी त्याला बैलबंडीत घालून नेलं होतं. आमच्या घरी पटावर धावलेल्या बैलाची कातडी कोणाला देत नाहीत, त्याला बांधावर पुरतात. तो आपल्यातलाच, म्हणून त्याच्यावर शालूचा तुकडाही टाकतात. मी धावत बांधावर पोचलो तेव्हा माती टाकून झाली होती. माणसं आंघोळीला तळ्याकडे गेली होती. दादा एकटा बसला होता.

"घंटी?" मी विचारलं. मी बैलाबद्दल एक शब्द बोललो नाही. हे मला आयुष्यभर पुरलं आहे.

"त्याच्या गळ्यात," दादा म्हणाला.

"काऊन पुरली? तुले माहीत नोयतं का? माहा हिस्सा होता तिच्यात. माहं दुकान होतं तिच्यात."

दादा माझ्याकडे खरोखर न समजून पाहत राहिला. "म्या त्या साली देली होती तुले. तू म्हणला, पुढल्या साली. मंग पुढल्या साली बी कायी बोलला नाहीस." त्याने हातावरची माती झटकली. "मले वाटलं, तुले जावाचंच नाही. भाव-बिव नुसतं सांगाले म्हणून राहिला. मले बरं वाटलं गा. मी येथं एकटा पडणार नोयतो."

मी त्याच्या बाजूला पडलेली कुदळ उचलली.

"खोद," दादा म्हणाला. "तुया हिस्सा हाये तं खोद. मी बसलो हावो."

मी खोदलं. ताजी माती होती, सोपं गेलं. घाम डोळ्यांत जात होता. तळ्याकडून माणसं परत यायच्या आत उरकायचं म्हणून मी घाई करत होतो. मान कुठल्या बाजूला आहे तेही मी दादाला विचारलं नाही. दादा मागे बसून होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. एक घाव घातला आणि आवाज आला. फार बारीक आवाज.

हाताने माती काढली. शालूचा तुकडा, मग गळ्याचं दावं, मग घंटी. मी ती वर काढून अंगरख्याला पुसली. बोट घातलं, मासोळी लागली. खिशात चिंचोका होताच, वर्षानुवर्षं असायचा. मी टोला दिला. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला. काठापासून वरपर्यंत एक केसाएवढी भेग गेली होती. कांसं कठीण असतं, पण घाव सोसत नाही, हे त्या म्हाताऱ्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं.

मी तिथेच मातीत बसलो. मी किती वेळ रडलो मला माहीत नाही, या वेळी पाऊस नव्हता. दादाने माझ्या हातातून घंटी घेतली, आपल्या दुपट्ट्याच्या टोकाला बांधली, आणि माणसं यायच्या आत खड्डा पुन्हा बुजवला. मला कुदळ धरू दिली नाही.

मामांनी खोली देऊन टाकली. बायको आठ दिवस माहेरी राहिली आणि परत आली. मी ढोलीतून माझी घंटी काढून डाव्याच्या गळ्यात पुन्हा बांधली. सात वर्षांनी तो आवाज ऐकून त्याने मान वळवून उजवीकडे पाहिलं. तो पुढे एकच वर्ष जगला. तो गेला तेव्हा घंटी मी पुरली नाही, खुंटीला टांगली. पुरण्याचा मान माझा राहिला नव्हता.

फुटक्या घंटीची गोष्ट दादाने कोणाला सांगितली नाही, वहिनीलाही नाही. पुढच्या वर्षी पटाच्या दिवसांत गोंदियाचा एक नवा शौकीन विचारत विचारत आमच्या ओसरीवर आला. खुंटीवरची घंटी त्याने काढून घेतली, बोट घातलं, टोला दिला, विसापर्यंत मोजलं. मग त्याने विचारलं, "इसकी जोड़ है क्या?"

फुटली म्हणून सांगायचं माझ्या ओठांवर होतं. सांगितलं असतं तर त्या दिवशी सगळं संपलं असतं. पण माझ्या तोंडून निघालं, "है. भाई के पास है, बाजू में."

तो लगेच उठून भिंतीपलीकडे गेला. मी ओसरीवर जीव मुठीत धरून बसलो. त्याने दादाला जोड आहे का विचारलेलं मला ऐकू आलं. दादाची खाट करकरली आणि तो म्हणाला, "हाये ना. पण यंदा विकाची नाही. पुढल्या साली या."